कुसू आणि स्क्रू

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याने दांड फाटा ओलांडून चौक गावाच्या दिशेने निघाले म्हणजे मौजे लोधिवली, तालुका खालापूर, हे आमचे गाव लागते. एका अंगाला माणिकगड, दुसऱ्या अंगाला प्रबळ आणि इर्शाळ, आणि मध्ये पाताळगंगेचे खोरे, अशा या टापूत वडिलांच्या पश्चात मी लाकडी सामानाचा लहानसा कारखाना चालवीत आलो आहे. या धंद्याला आमचे ठिकाण एका विशेष कारणाने मानवले. येथून दोन-तीन कोसांच्या आत तीन अगदी निरनिराळ्या तऱ्हांची घरे आहेत: कुणबी, आगरी आणि ठाकर मंडळींची जुन्या वळणाची घरे; रसायनी आणि पाताळगंगा येथील कारखान्यांमुळे वसलेल्या वसाहतींतील नोकरदारांचे गाळे; आणि मुंबईकरांनी शनिवार-रविवारच्या विसाव्यासाठी बांधलेले बंगले. तेव्हा यंत्रे माणसाच्या घरात कशी शिरली, शिरल्यावर त्यांनी कोणाकोणाला आपल्या जागेवरून उठविले आणि यथाकाल ती स्वतः कशी निघून गेली, हा सारा इतिहास ग्रंथांतून न वाचता, मापे घेण्याच्या निमित्ताने हे तीन उंबरठे ओलांडूनच मला पाहता आला.

वडील गावचे सुतार होते. बलुतेदारीची व्यवस्था त्यांच्या उमेदीच्या काळातच विरत चालली होती. तथापि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन भाताचे बलुते आणण्याचा रिवाज काही घरांपुरता टिकून होता, आणि त्याच्या मोबदल्यात नांगर, जू आणि गाड्याची चाके यांची दुरुस्ती वर्षभर करून द्यावी लागे. घरातील सामान ही त्या मानाने गौण बाब. लग्नकार्य निघाले म्हणजे पाट आणि चौरंग, बाळंतपण जवळ आले म्हणजे पाळणा, अंथरुणे रचण्यास घडवंची, भांड्यांस मांडणी, दस्तऐवज आणि दागिने ठेवण्यास पेटारा, एखादा देव्हारा, आणि ऐपत असेल त्या घरी ओटीवर सागवानी झोपाळा, एवढ्यात यादी आटपत असे. खुर्ची असलीच तर ती मामलेदार कचेरीतून आलेल्या अंमलदारासाठी राखलेली असे, आणि एरवी तिच्यावर घडी केलेली घोंगडी पडलेली दिसे.

त्या सामानाचे दोन गुण मला पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्या तऱ्हेचे सामान करून झाल्यावर उमगले. एक तर ते सारे जमिनीलगतचे होते, आणि दुसरे म्हणजे ते कोठल्याही एका जागेशी जखडलेले नव्हते. माजघरात पाट मांडले की ती जेवणाची खोली होई, पाट भिंतीला टेकवून अंथरुणे पसरली की तीच निजण्याची खोली होई, आणि सकाळी तेथेच सुपे घेऊन बायका तांदूळ निवडावयास बसत. खोलीचा उपयोग माणसाच्या दिनक्रमाप्रमाणे ठरत असे, आणि सामान त्या दिनक्रमाच्या मागोमाग हिंडत असे.

ही मोकळीक पहिल्याने आकुंचित केली ती विजेने. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी घाटाखाली उतरवून टाटांनी 1915 साली खोपोलीस वीज निर्माण करण्यास प्रारंभ केला. ती वीज तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांकडे गेली, आणि जनित्रे फिरवून मोकळे झालेले पाणी पाताळगंगेच्या पात्रातून आमच्या शेजारून वाहू लागले. त्या पाण्याच्या भरवशावर पुढे या खोऱ्यात कारखानदारी आली, परंतु खोऱ्यातल्या खेड्यांच्या घरांत दिवा लागण्यास मात्र त्यानंतर कित्येक दशके जावी लागली. तो लागल्यावर घरात एक सूक्ष्म क्रांती झाली. कंदील माणसाबरोबर फिरत असे. बल्ब तुळईला टांगला गेला आणि माणूस त्याच्याखाली येऊन बसू लागला. वायरमनने भिंतीत ज्या जागी प्लग बसविला त्या जागी मेज आले, मेजापुढे खुर्ची आली, आणि एकदा तेथे बसण्याची वहिवाट पडल्यावर ती जागा कायमची त्या कामाची झाली. घरातील वस्तूंच्या मांडणीवर घराच्या धन्याइतकाच अधिकार वायरमनलाही प्राप्त झाला, ही गोष्ट आमच्या धंद्यातील माणसांखेरीज फारशी कोणी बोलून दाखवीत नाही.

रेडिओने सुताराला फारसे काम दिले नाही. दोन घोड्या भिंतीत ठोकून त्यांवर एक फळी टाकली आणि फळीवर घरधनिणीने क्रोशाचे झाकण घातले की त्याचे भागत असे, कारण रेडिओ ऐकण्यास त्याच्याकडे तोंड करून बसावे लागत नाही. दूरचित्रवाणीचे तसे नव्हते. मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, 1982 साली रंगीत प्रक्षेपण आले, आणि 1987-88 मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागले त्या सुमारास रसायनीच्या वसाहतींतील गाळ्यागाळ्यांतून मला कपाटांसाठी बोलावणी येऊ लागली. झोपाळ्यावर बसणारा माणूस अंगणाकडे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत बसत असे. आता घरातील यच्चयावत आसने एका भिंतीकडे वळली, आणि त्या भिंतीला मोठ्या मानाचे लाकडी सामान करून द्यावे लागले. त्याला आम्ही शोकेस म्हणत असू. मध्ये संचाचा कोनाडा, त्याला सरकती दारे आणि बहुधा एक कुलूप, वर काचेच्या कप्प्यांत कपबश्या आणि मुलांची बक्षिसे, खाली व्हिडिओ आणि कॅसेटी. एकवीस इंची संच मागे दीड फुटाहून अधिक जागा खाई, आणि पुढे आलेला एकोणतीस इंची संच 40 किलोच्या घरात वजन भरे. म्हणून आम्ही फळी इंचभर जाडीची घेत असू, तिच्याखाली मधोमध टेकू देत असू, आणि एकंदर खोली दोन फूट धरीत असू.

पुढे वीस-पंचवीस वर्षांत तो बोजड संच अंतर्धान पावला आणि त्याच्या जागी तसबिरीप्रमाणे भिंतीला टांगता येणारा चपटा पडदा आला. यंत्र गेले, पण त्याच्यासाठी बांधलेले देऊळ मात्र घरात तसेच उभे राहिले. रसायनीच्या वसाहतीतील एका निवृत्त कारकुनांनी मला बोलावून शोकेसमधील त्या पोकळीकडे बोट दाखवून विचारले, "मिस्त्री, टीव्ही तर भिंतीवर गेला, आता या भुयारात मी काय ठेवू?" त्यांच्या प्रश्नाला त्या दिवशी हसून उत्तर दिले, तरी तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा रसायनी येथील विभाग बंद करण्याचा निर्णय 2017 साली केंद्र सरकारने घेतला, आणि पुढे तेथील कुटुंबे एकामागून एक गाळे सोडून जाऊ लागली, तेव्हा असली कितीएक शोकेसे दुरुस्तीसाठी, कापून लहान करण्यासाठी, किंवा नुसतीच येईल त्या किमतीला घ्या म्हणून माझ्या कारखान्यात आली. ती उघडून, उचकटून पाहताना सामानाच्या आयुष्याचे जे ज्ञान झाले ते नवे सामान करताना कधी झाले नव्हते.

त्यांत दोन जाती स्पष्ट दिसत. एक जात सागवानी चौकटीची. उभ्या-आडव्या दांड्यांना खोबण पाडून त्यांत कुसू बसविलेले, सांध्यात आरपार बांबूची मेख मारलेली, आणि फळ्या चौकटीत सुट्या सोडलेल्या. अशी शोकेस मेखा काढून मोकळी करता येई, आणि तिच्या लाकडातून पुस्तकांचे कपाट, मुलांचे मेज, एवढेच नव्हे तर देव्हाराही निघे. दुसरी जात प्लायवूडची: आठ बाय चारच्या तक्त्यांतून कापलेली, सर्वांगी फेव्हिकॉल लावून खिळ्यांनी ठोकलेली आणि वरून सनमायकाने मढविलेली. ती दिसावयास अधिक सफाईदार आणि करावयास निम्म्या वेळाची; पण तिच्यात संचाच्या मापाची जी पोकळी एकदा कापली ती कापली. तिला उचकटू गेले की तक्त्याचे पापुद्रे सुटत आणि हातात सरपणाखेरीज काही उरत नसे.

यावरून प्लायवूडची निंदा करावी असा माझा हेतू नाही. वडिलांच्या वेळी चुलीवर सरस उकळावा लागे, तो गरम असेतोवर घाईने सांधा जोडावा लागे, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात तो सरस ओल पिऊन पुन्हा मऊ पडे. 1959 साली फेव्हिकॉल बाजारात आला आणि या जाचातून सुतारांची सुटका झाली. सागाचे म्हणाल तर 1964 च्या वृक्षतोडविषयक कायद्यानंतर स्वतःच्या शेताच्या बांधावरचे झाड तोडावयाचे झाले तरी अर्ज, पंचनामा आणि वाहतुकीचा परवाना यांवाचून गत्यंतर राहिले नाही, आणि ते योग्यच होते. डोंगर उघडे पाडून दिवाणखाने सजविण्याचा अधिकार कोणालाच नाही. ज्या रुंदीची अखंड फळी मिळण्यास मोठे झाड पाडावे लागे त्या रुंदीचा तक्ता प्लायवूडने सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला. फक्त तो कोठला घ्यावा याचे तारतम्य पाहिजे. आमच्यासारख्या अतिवृष्टीच्या मुलखात, मोरीच्या आणि ओट्याच्या आसपास, भारतीय मानक 710 चा शिक्का असलेला जलरोधक तक्ता घालावा, कोरड्या जागी 303 चा चालतो, आणि लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळीला जमिनीचा स्पर्श होऊ देऊ नये, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकास सांगत आलो आहे.

यंत्रांचे खरे राज्य मात्र दिवाणखान्यात नसून स्वयंपाकघरात आहे. चूल जमिनीवर होती तोवर स्वयंपाक बसून होई आणि सारी भांडी बसल्या हाताला लागतील अशी मांडलेली असत. गॅस आला, शेगडी ओट्यावर चढली, आणि बाई उभी राहिली. तिच्याबरोबर मांडणी भिंतीवर चढली, पाट्याची जागा मिक्सरने घेतली, आणि पेटारा तर गोदरेजच्या लोखंडी कपाटाने केव्हाच हटविला होता. त्याच कंपनीने 1958 साली देशी बनावटीचा फ्रिज काढला. आमच्या बाजूला तो पोहोचला तेव्हा पहिली काही वर्षे पुष्कळ घरांनी त्यास स्वयंपाकघरात न ठेवता बाहेरच्या खोलीत, पाहुण्याच्या दृष्टीस पडेल असा ठेवला होता. पुढे जेव्हा तो आत गेला तेव्हा कपाटांच्या रांगेत त्याला फटही न ठेवता बसवून द्या, असा आग्रह होऊ लागला. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, तिला मागून आणि वरून वाट न मिळाल्यास यंत्र अधिक वेळ चालते आणि बिल वाढते, हे समजावून सांगण्यात माझी जितकी रसवंती खर्ची पडली तितकी दुसऱ्या कोठल्याही विषयावर पडली नसेल.

ओट्याच्या उंचीसंबंधी मला जो धडा मिळाला तो एका कुणबी घरातील वृद्ध बाईंकडून मिळाला. मुलाने घर नवे बांधले होते, सुनेला शोभेल असा ओटा चौतीस इंचांवर घेतला होता, आणि भिंतीवरची कपाटे करण्यास मला बोलाविले होते. म्हातारबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. परातीत तांदळाच्या भाकरीचे पीठ होते. मी विचारले, "आजी, हात पोचतो ना नीट?" त्या म्हणाल्या, "हात पोचतो रे मिस्त्री, पन जोर नाय पोचत."

इतक्या थोड्या शब्दांत इतके अचूक शास्त्र मी दुसरीकडे ऐकलेले नाही. चिरणे, ओतणे, शेगडीवर लक्ष ठेवणे ही कामे उभ्या माणसाच्या कोपराहून चार-सहा इंच खाली असलेल्या पृष्ठावर सुखाने होतात. परंतु मळणे, थापणे, लाटणे यांत खांद्याचे आणि पाठीचे वजन हातात उतरवावयाचे असते, आणि त्याला आणखी खालची पातळी लागते. मी त्या ओट्याखालच्या कपाटातून चॅनेलवर बाहेर ओढता येईल अशी एक जाड सागवानी फळी करून दिली, ती ओट्याहून सात इंच खाली आणि ओढल्यावर अडकण लागून घट्ट राहणारी. सासूने तीवर भाकरी थापल्या, सुनेने पोळ्या लाटल्या, आणि पुढे नातवाने त्याच फळीवर पाटी-पुस्तक ठेवून अभ्यास केला असे कळले. तेव्हापासून मी स्वयंपाकघराचे काम घेताना यंत्रांची यादी मागाहून विचारतो. प्रथम त्या घरात रांधणारी सर्व माणसे ओट्यापाशी उभी करून त्यांच्या कोपरांची मापे घेतो.

संगणकाने दिलेले काम भरभराटीचे होते, पण अल्पायुषी ठरले. एकेकाळी शाळकरी मुलगा असलेल्या प्रत्येक घरी संगणकाचे टेबल पाहिजे असे. वर डबड्यासारखा पडदा, त्याखाली सव्वीस इंचांवर कळफलकाची सरकती फळी, उजवीकडे मुख्य पेटीसाठी बंद कप्पा आणि वर प्रिंटर. त्या बंद कप्प्यात पेटी तापत असे, तिचा पंखा धूळ ओढीत असे, म्हणून मी पाठीला फळी न घालता जाळी घालू लागलो. दहा-बारा वर्षांत घडीचा संगणक आला आणि हे टेबल पार निकामी झाले. त्याच काळात भारनियमनाने इन्व्हर्टर घरोघर नेला. त्याची बॅटरी दिसावयास ओंगळ, म्हणून तिला बंद पेटीत लपवून द्या अशी मागणी येई. परंतु आम्लाची बॅटरी भारित होताना ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सोडते, तिला मोकळी हवाच पाहिजे, आणि तिच्यात पाणी भरण्यास वरून हात जावयास पाहिजे, हे सांगून मी चहूबाजूंनी पट्ट्यांची, वरून झाकण उचलता येईल अशी आणि चाकांवर सरकणारी पेटी देत आलो.

मग 2020 साल उजाडले. मार्चमध्ये आमच्या लोधिवलीतच रिलायन्सने रोग्यांच्या विलगीकरणाची व्यवस्था उभी करून ती जिल्हा प्रशासनाच्या हवाली केली, आणि लगोलग टाळेबंदीचे फर्मान निघाले. ज्या घरांनी कचेरी, शाळा आणि दवाखाना यांना कधी आत घेतले नव्हते त्या घरांत ती एकदम घुसली, आणि त्या घरांत एकही धड मेज नव्हते, कारण संगणकाचे टेबल त्यांनी भंगारात काढले होते आणि जेवणाचे टेबल कधी घेतलेच नव्हते. तीन जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने जिल्ह्यात शिरले तेव्हा तर पत्रे उडाले, तारा तुटल्या, आणि पुष्कळांना दुरुस्तीच्या कामाबरोबर बसण्याच्या जागेचीही विवंचना पडली. निर्बंध सैल झाल्यावर मला जी कामे मिळाली त्यांत बहुसंख्य एकाच तऱ्हेची होती: भिंतीला बिजागऱ्यांवर टांगलेली, काम संपताच मिटून ठेवता येणारी फळी, आणि मुलांसाठी जमिनीवर मांडी घालून लिहिण्याचे उतरत्या पृष्ठाचे बुटके डेस्क.

हे दुसरे काम हाती घेताना मला मौज वाटली, कारण त्याचा नमुना शोधण्यास कोठे जावे लागले नाही. पेढीवरचे मुनीम आणि गावचे कुळकर्णी ज्या ढाळत्या झाकणाच्या पेटीवर दफ्तर लिहीत, तसली एक पेटी आमच्या माळ्यावर पडून होती. तिची उंची, तिचा उतार आणि मांडी घातलेल्या माणसाच्या गुडघ्यांना तिच्याखाली मिळणारी जागा ही सारी मापे तशीच उचलली; दौतीच्या खोबणीच्या जागी मोबाइल उभा राहील अशी चीर पाडली, आणि मागे वायरीपुरते भोक ठेवले. लोखंड आणि काच यांची यंत्रे शंभर वर्षांत कितीही पालटली असतील, माणसाची मांडी तेवढीच राहिली आहे, हा बोध मला त्या पेटीने दिला.

मुंबईकरांच्या बंगल्यांचे शास्त्र निराळे. तेथे यंत्रे पुष्कळ आणि माणसे आठवड्यातून दोन दिवस. बोलताच लागणारे दिवे, गादीखालच्या हवेच्या दांड्यांवर उचलला जाणारा पलंग, उशापाशी मोबाइल भारित करण्याची खाच, अशा मागण्या तेथून येतात. आणि पावसाळ्यात महिनामहिना घर बंद राहिल्यावर कपाटाच्या पाठीला बुरशी आणि पायाला वाळवी लागली म्हणजे तक्रारीही तेथूनच येतात. अशा घरांसाठी मी कपाट भिंतीपासून इंचभर सुटे आणि जमिनीपासून चार इंच पायांवर उचललेले करतो, आणि दारांना अखंड फळीऐवजी वेताची जाळी भरतो. त्या जाळीतून हवा खेळते, आत ठेवलेल्या यंत्राला रिमोटचा इशारा पोहोचतो, आणि इंटरनेटच्या डब्याच्या लहरी लोखंडी कपाटात कोंडतात तशा तेथे कोंडत नाहीत. उशापाशी मात्र मी कोठल्याही विशिष्ट चार्जरची जागा कोरून देत नाही. त्या चार्जरांच्या टोकांचे आकार माझ्या डोळ्यांदेखत पुनःपुन्हा बदलले आहेत. म्हणून तेथे एक साधा विजेचा प्लग, एक खोबण आणि झाकणीचे एक भोक एवढेच ठेवतो.

अशाच एका बंगल्यात गिरगावातील वडिलोपार्जित घरातून आणलेले एक शिसवी कपाट होते, एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी ज्या नक्षीदार शिसवी सामानाची ख्याती केली त्या घाटाचे. त्यात टीव्ही आणि त्याचा लवाजमा बसवावा अशी मालकांची इच्छा. मी मेखा सैल करताच ते प्रचंड कपाट दहा-बारा तुकड्यांत मोकळे झाले, कारण अरुंद जिन्यांतून नेण्यासाठीच ते तसे घडविलेले होते. त्याची पाठ काढून ठेवली, मागे स्क्रूंवर बसणारी नवी पाठ दिली, तिला वायरी आणि हवा यांपुरती भोके पाडली, आणि जुनी पाठ कागदात गुंडाळून त्याच कपाटाच्या तळाशी ठेवली. शिसवाला एकही खिळा लागला नाही. टीव्हीचे युग संपेल त्या दिवशी ते कपाट पूर्ववत् कपाट होईल.

याच सुमारास, डिसेंबर 2020 मध्ये, तुर्भ्यास आयकियाचे दुकान उघडले. 2018 साली हैदराबादेत आलेली ही स्वीडिश कंपनी आता आमच्या गिऱ्हाइकांच्या टप्प्यात आली, आणि धंद्यातील मंडळींत बरीच खळबळ माजली. मी तेथे गिऱ्हाईक म्हणून गेलो आणि एक मेज खोक्यात घालून घरी आणले. ते जोडताना आणि पुन्हा सोडविताना माझ्या ध्यानात आले की दाबलेल्या भुशाच्या त्या फळीला आमचा पावसाळा फार काळ सोसणार नाही. पण सामान मोकळे होऊन पुन्हा उभे राहिले पाहिजे हा त्यामागील विचार मात्र अस्सल आहे, आणि तो आमच्या शिसवी कपाटांतही होताच. भाड्याच्या घरातून दुसऱ्या भाड्याच्या घरात जाणाऱ्या तरुण जोडप्याला सागवानी शोकेस हा आशीर्वाद नसून ओझे असते, हे आम्ही सुतारांनी कबूल केले पाहिजे. चिकटवून, ठोकून, मढवून पक्के करण्याचा मधला काळच, म्हणजे ज्यात माझी उमेद गेली तो काळ, या दृष्टीने अपवादात्मक होता.

या सर्व अनुभवातून माझ्या कारखान्यात एक नियम रुजला आणि हाताखालच्या मुलांना मी तो पहिल्या महिन्यातच शिकवितो: सामानाचा जो भाग माणसाच्या अंगाशी संबंध ठेवतो तो कुसवावर करावा, आणि जो भाग यंत्राशी संबंध ठेवतो तो स्क्रूवर करावा. बैठक, पाठ, हात, मेजाचे पृष्ठ, पलंगाची चौकट हे पहिल्या जातीचे; त्यांची मापे गुडघा, कोपर आणि पाठीचा कणा यांवरून येतात, ती नातवंडांपर्यंत टिकतात, म्हणून त्यांत चांगले लाकूड आणि चांगली मजुरी घालावी. संचाचा कप्पा, वायरीची वाट, कळफलकाची फळी, पाठीचे तक्ते हे दुसऱ्या जातीचे. त्यांचे आयुष्य यंत्राइतकेच, म्हणजे पाच-दहा वर्षांचे धरावे, ते स्वस्त ठेवावेत आणि सहज काढता यावेत. मोठ्या फर्निचरवाल्यांना हा हिशेब परवडत नाही, कारण दहा वर्षांनी अख्खी भिंत नव्याने करण्यातच त्यांचा नफा असतो. मला तो परवडतो, कारण तेच गिऱ्हाईक एका फळीसाठी माझ्याकडे परत येते आणि येताना शेजाऱ्याला घेऊन येते.

वाचकांना माझे सांगणे इतकेच की, घरासाठी सामान करावयाचे झाल्यास प्रथम यंत्रांची चित्रे दाखवू नयेत. घरात कोण बसून काम करते, कोणाचे गुडघे दुखतात, मूल आणखी किती वाढावयाचे आहे, हे सुताराला सांगावे. प्रत्येक कपाटामागे हवेपुरती फट आणि एका हाताची वाट मागावी. आणि तो पाठीची फळी फेव्हिकॉल लावून खिळ्यांनी ठोकावयास निघाला, तर त्याला तेथेच थांबवून स्क्रू लावावयास सांगावे.